दहा नंबरच्या बुरुजामागचं अंजीर

ओनीटा: …म्हणून म्हणते, तो माणूस आला की सरळ सांगून टाक. झाड का तोडायचं नाही ते सांग. दोन वाक्यांचं काम आहे.

व्हर्डेल: तू खेकडे सोल.

ओनीटा: व्हर्डेल, सोमवारी करवत लागणार आहे त्याला. रॉस्कोनं चर्चच्या दारात माझा हात धरून सांगितलं. म्हणाला, मिस ओनीटा, नाटकवाल्यांनी अर्ज दिलाय, अंजीर मध्ये येतंय म्हणून. मैदानातलं गवत कापायची माझी नोकरी, मी नाही कसं म्हणू? रडकुंडीला आला होता बिचारा.

व्हर्डेल: ठाऊक आहे मला. आणि खरं सांगितलं तर काय होईल तेही ठाऊक आहे. शेजारच्या मॅटीनं सांगितलं होतं ना खरं? आमच्या मागच्या अंगणात आजोबा पुरलेत म्हणाली. काय केलं सरकारी माणसांनी? चार दिवस खणलं. आजोबाला चाळणीनं चाळून काढलं, खोक्यात भरलं, खोक्यावर नंबर टाकला. कुठं नेलं ते मॅटीला मरेपर्यंत नीट कळलं नाही. म्हणून तर आईनं जागा मोजायला आलेल्या त्या वहीवाल्याच्या तोंडावर सांगितलं, या अंगणात कोणी नाही.

ओनीटा: आयुष्यात एकदाच खोटं बोलली ती.

व्हर्डेल: झकास बोलली.

ओनीटा: तुला बोलायला सोपं आहे. तू सात वर्षांची होतीस, झोपली होतीस. मी बाळाला पाहिलंय, आपल्या भावाला. एक श्वास घेतला नाही गं त्यानं. बाबांनी उजाडायच्या आत खणलं, नदीकडे पाय करून निजवलं, उशाशी अंजिराचं रोप लावलं आणि वर शिंपले मांडले, आपल्यात थडग्यावर मांडतात तसे. चर्चच्या मागे नको म्हणाली आई. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायला हवा म्हणाली.

व्हर्डेल: खिडकी गेली, स्वयंपाकघर गेलं, घर गेलं. आपल्या आळीतली झाडून सगळी घरं सरकारनं पाडली. का? तर लढाई झाली तेव्हा ती नव्हती! सतराशे एक्याऐंशी साली मैदान जसं होतं तसं दिसायला हवं म्हणे. आता एक ते झाड राहिलंय, तर तेही यांच्या डोळ्यांत खुपतंय.

ओनीटा: म्हणूनच सांग म्हणते. माणूस आहे, समजून घेईल.

व्हर्डेल: समजून घेईल, डोळ्यांना रुमाल लावेल, आणि मग कायद्याप्रमाणे वर कळवेल. मग येतील ते चाळण्या घेऊन. नाही! आईला शब्द दिलाय मी. गप बस, गाडी थांबली बघ.

(पायऱ्यांवर पावलं वाजतात. हातात फाइल घेतलेला तिशीतला एक माणूस पोर्चवर येतो.)

कोल्बी: नमस्कार. मिस व्हर्डेल? मी कोल्बी रेनर. इंग्रजांच्या शरणागतीच्या दिवसानिमित्त मैदानावर जे संगीत नाटक होतंय ना, त्याचा दिग्दर्शक. फोनवर आपलं बोलणं झालं होतं.

व्हर्डेल: तू बोललास. मी ऐकलं. बस. ही माझी मोठी बहीण, ओनीटा. खेकडा खाणार?

कोल्बी: अरे वा! हो, पण… हा फोडायचा कसा?

व्हर्डेल: कुठला रे तू?

कोल्बी: रिचमंडचा.

व्हर्डेल: तासाभरावर खाडी, आणि खेकडा फोडता येत नाही. आणि हा आमची लढाई बसवणार. ओनीटा, दे त्याला सोलून.

कोल्बी: थँक यू, मिस ओनीटा. खरं तर मी मुद्द्यावरच येतो. आमची जी मुख्य गायिका होती, तिला परवा जहाजावर काम मिळालं. पर्यटकांच्या जहाजावर. गेली. तीन आठवडे राहिलेत. आणि गेल्या महिन्यात एका अंत्यविधीला मी तुमचा आवाज ऐकला. खोटं नाही सांगत, माझ्या अंगावर काटा आला होता.

व्हर्डेल: अंत्यविधीला गेला होतास की माणसं शोधायला?

कोल्बी: नाही, नाही, तसं नाही… म्हणजे, गेलो होतो अंत्यविधीलाच.

व्हर्डेल: बरं. काय आहे तुझं नाटक?

कोल्बी: यॉर्कटाउनचा वेढा! अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली निर्णायक लढाई. इंग्रज सेनापती नदीकडे पाठ करून अडकलाय, समुद्रातून फ्रेंच आरमार, जमिनीवरून आपण. मग दहा नंबरच्या बुरुजावर हल्ला. तो माझा मोठा प्रवेश आहे. खऱ्या बुरुजावर, खऱ्या मातीवर…

व्हर्डेल: मला लढाई सांगू नकोस. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. दर वसंतात पोरांना त्या मैदानावर न्यायचं आणि गाइडची तीच कहाणी पुन्हा ऐकायची. तूच सांग मला, त्या रात्री सैनिकांच्या बंदुकीत काय भरलं होतं?

कोल्बी: गोळ्या.

व्हर्डेल: घ्या! काही नव्हतं भरलं. रिकाम्या होत्या बंदुका, नुसत्या संगिनी. चुकून एक बार उडाला तरी इंग्रज जागे होतील म्हणून. अंधारात, चिखलात, खोकायचीसुद्धा चोरी. आणि तुझ्या नाटकात काय होतं?

कोल्बी: गाणं होतं.

व्हर्डेल: किती जण गातात?

कोल्बी: चौतीस.

व्हर्डेल: चौतीस जण. चोरपावलांनी जाताना.

कोल्बी: पहिलं कडवं अगदी हळू आवाजात आहे.

व्हर्डेल: ऐकलंस का, ओनीटा? पहिलं कडवं हळू आवाजात आहे. मग काय, दुसऱ्या कडव्यापर्यंत इंग्रजांना काही कळायचंच नाही.

कोल्बी: अहो, संगीत नाटक आहे ते! न गाता बुरूज कसा घेणार?

व्हर्डेल: त्यांनी दहा मिनिटांत घेतला, न गाता. तुझं गाणं किती वेळाचं आहे?

कोल्बी: अकरा मिनिटं… पण लांबत चौदावर जातं, त्या सैनिकांमुळे. ते हौशी लोक असतात ना, स्वतःचे गणवेश शिवून आणणारे, त्यांच्यातला एकही जण पहिल्या कडव्यात मरायला तयार नाही. मेलं की पूर्ण गाणं ओल्या गवतात पडून राहावं लागतं. विल्यम्सबर्गचे एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना मी हात जोडले. तिसऱ्या कडव्याआधी मरणार नाही म्हणाले. आणि मेले तरी एका कोपरावर टेकून मरतात, कोट मळतो म्हणून.

ओनीटा: अगंबाई!

व्हर्डेल: हसू नकोस त्याला, ओनीटा. त्याला वाटेल आपल्याला आवडलं. आणि त्या बुरुजावर ऱ्होड आयलंडच्या पलटणीतली काळी माणसं चढली होती, ती आहेत का तुझ्या चौतिसांत?

कोल्बी: आहे ना. एक आहे. टेनर, वरच्या पट्टीत गातो.

व्हर्डेल: एक. गुणी बाळ. आणि मला काय देतोयस?

कोल्बी: तुम्हाला शेवट देतोय! अख्खा शेवट. शरणागती झाली, इंग्रजांनी शस्त्रं टाकली, सगळे स्तब्ध. आणि तंबूमागून आंटी जॉय बाहेर येते. सैन्याला जेवू घालणारी स्वयंपाकीण. डोक्याला फडकं, हातात परडी. आणि गाते.

व्हर्डेल: आडनाव काय तिचं?

कोल्बी: आडनाव… नाही दिलेलं.

व्हर्डेल: नवरा? पोरं?

कोल्बी: ती एक… म्हणजे ती सगळ्यांची प्रतिनिधी आहे.

व्हर्डेल: म्हणजे कोणीच नाही. गाते काय?

कोल्बी: वाचून दाखवतो. चाल तुम्हाला लगेच बसेल.
"जनरलसाहेब, तुमच्यामुळे
रात्र सरली, उजाडले,
आंटी जॉयच्या ओंजळीत
स्वातंत्र्याचे फूल पडले."

ओनीटा: देवा रे.

व्हर्डेल: कोणी लिहिलंय हे?

कोल्बी: एक निवृत्त न्यायाधीश आहेत. दर प्रयोगाला पहिल्या रांगेत बसतात आणि गाण्याबरोबर ओठ हलवतात. एकही शब्द बदलू देत नाहीत.

व्हर्डेल: आता ऐक, रिचमंडच्या. इंग्रजांनी दवंडी पिटली होती, आमच्याकडे पळून या, मोकळे व्हाल. शेकड्यांनी गेली आमची काळी माणसं, गुलामीतली. मालकाच्या शेतातून उठून, पोरं कडेवर घेऊन. इंग्रजांनी त्यांच्याकडून खंदक खणून घेतले. आणि देवीची साथ आली, धान्य संपत आलं, तेव्हा त्याच माणसांना हाकलून दिलं रानात. दोन सैन्यांच्या मधे. अंगावर फोड घेऊन मेली झाडाखाली. आणि वाचली त्यांचं काय झालं? तुझ्या त्या जिंकलेल्या जनरलसाहेबांनी किनाऱ्यावर पहारे बसवले. एकेकाला हुडकून मालकाच्या ताब्यात दिलं. स्वातंत्र्याचं फूल म्हणे! शरम वाटत नाही? कोणाच्या ओंजळीत पडलं रे ते? मला दाखव ती ओंजळ!

कोल्बी: मिस व्हर्डेल, मी… मला हे सगळं माहीत नव्हतं असं नाही. थोडंफार वाचलं होतं. पण प्रेक्षक कुटुंब घेऊन येतात. शेवट गोड लागतो त्यांना.

व्हर्डेल: तर आइस्क्रीम वाट.

ओनीटा: व्हर्डेल, पुरे. मिस्टर रेनर, अजून एक खेकडा घ्या. आणि मला सांगा, ते झाड का काढताय?

कोल्बी: कुठलं झाड?

ओनीटा: बुरुजामागचं अंजीर.

कोल्बी: हां, ते! ते तर सोमवारी जाईल. आमची बाकं बुरुजाच्या मागच्या अंगालाच आहेत ना, डाव्या हाताच्या तीन रांगांना बुरूजच दिसत नाही हो त्याच्यामुळे. फांद्या वाट्टेल तशा पसरल्यात. आणि तसंही जंगली आहे, आपोआप उगवलेलं. सतराशे एक्याऐंशी साली नव्हतंच ते तिथं.

व्हर्डेल: आपोआप उगवलेलं?

कोल्बी: तसंच दिसतंय.

व्हर्डेल: सतराशे एक्याऐंशी साली तुझे ते निळे प्लॅस्टिकचे संडास होते? ते कर्णे होते? बाकं होती? दातांचा डॉक्टर होता? तेवढं एक झाड तुझा इतिहास बिघडवतं होय रे?

कोल्बी: तुमचं आहे का ते झाड? म्हणजे, सरकारी जागेत आहे म्हणून विचारतो.

ओनीटा: आमचं घर होतं तिथं.

कोल्बी: मैदानावर?

ओनीटा: तेव्हा मैदान नव्हतं ते. आमची आळी होती. सत्तावीस घरं, एक चर्च, एक दुकान. बावन्न वर्षं झाली. मिस्टर रेनर, त्या झाडापाशी…

व्हर्डेल: त्या झाडाचा मुरांबा करते मी.

कोल्बी: मुरांबा?

व्हर्डेल: अंजिराचा. दर ऑगस्टला बरण्या भरते. तू ते झाड तोडायचं नाहीस.

कोल्बी: पण मिस व्हर्डेल, अंजिरं बाजारातही मिळतात. मी पेट्या आणून देतो तुम्हाला, अगदी दर वर्षी. त्यासाठी तीन रांगा…

व्हर्डेल: मला बाजारची नकोत.

कोल्बी: इतकं काय आहे हो त्या झाडात?

ओनीटा: सांग ना गं त्याला. व्हर्डेल, सांग.

व्हर्डेल: सांगितलं की. मुरांबा.

कोल्बी: …बरं. मग आपण असं करू का? मी अर्ज मागे घेतो. बाकं उजवीकडे सरकवतो, बुरुजाच्या कडेला. माझी माणसं शिव्या घालतील, घालू देत. झाड राहील. आणि तुम्ही शेवट गायचा.

व्हर्डेल: शब्द माझे.

कोल्बी: ते नाही जमणार.

व्हर्डेल: मग नुसता आलाप घेईन. शब्दच नकोत.

कोल्बी: न्यायाधीशसाहेब दुसऱ्या दिवशी प्रयोग बंद पाडतील. खरंच सांगतो. त्यांच्या शब्दावर परवानगी मिळालीय सगळी. जसं लिहिलंय तसंच गावं लागेल. जनरलसाहेब, फूल, सगळं.

व्हर्डेल: आणि फडकं?

कोल्बी: फडकंही. कपडे शिवून झालेत.

व्हर्डेल: आणि मी नाही म्हटलं तर सोमवारी करवत.

कोल्बी: असं नका ना म्हणू. मी धमकी देत नाहीये. पण मग बाकं हलवायला माझ्याकडे तरी काय कारण उरतं?

व्हर्डेल: धमकी नाही देत म्हणे. किती गोड बोलतोस रे. तुझी आई शिक्षिका होती का?

कोल्बी: हो. तुम्हाला कसं कळलं?

व्हर्डेल: तसंच वाटतं ऐकताना. किती प्रयोग आहेत?

कोल्बी: चार. गुरुवार ते रविवार.

व्हर्डेल: चार वेळा. आणि तोंड जनरलकडे करून गायचं?

कोल्बी: तो घोड्यावर असतो. तुम्ही खाली उभ्या. म्हणजे मान थोडी वर… शेवटच्या ओळीला गुडघे टेकायचे आहेत. पण तुम्हाला त्रास होत असेल तर नुसतं वाकलात तरी चालेल.

ओनीटा: व्हर्डेल, तू हे करायचं नाहीस. बावन्न वर्षं तू शरणागतीच्या दिवशी त्या मैदानात पाय ठेवला नाहीस. मिरवणूक दारावरून गेली तरी पडदा ओढून बसलीस. अख्खं चर्च येईल बघायला. ज्या पोरांना तू बसमधून नेलंस ती येतील, स्वतःची पोरं घेऊन. काय म्हणतील?

व्हर्डेल: म्हणतील म्हातारी विकली गेली. म्हणू देत.

ओनीटा: मी सांगते मग. मी मोठी आहे. मिस्टर रेनर, ऐका…

व्हर्डेल: ओनीटा! तोंड उघडलंस तर तुझं नि माझं संपलं. खरंच संपलं. आईनं कोणाचा हात धरला होता शेवटी? माझा. मी गाईन, मिस्टर रेनर.

कोल्बी: जसंच्या तसं?

व्हर्डेल: जसंच्या तसं. एक शब्द नाही बदलणार. फूलही पाडीन, गुडघेही टेकीन. जीभ जळेल माझी, थुंकावंसं वाटेल, पण तुझ्या न्यायाधीशाला रडवून सोडीन बघ. आणि माझ्या मनात काय चाललंय ते तुला दिसणार नाही, ती काळजी नको. पण आत्ता, इथं, माझ्यासमोर फोन कर आणि अर्ज मागे घे. उद्या नको.

कोल्बी: आत्ता करतो. आत्ताच. थँक यू, मिस व्हर्डेल, तुम्हाला कल्पना नाही… हॅलो? कोल्बी रेनर बोलतोय, नाटकाचा. सोमवारचं ते झाडाचं काम… हो, अंजीर. ते रद्द. नको, तोडायचं नाही. आम्ही बाकं हलवतोय. हो, लेखी पाठवतो तासाभरात. नक्की. रॉस्कोला निरोप द्याल ना? …काय म्हणालात? एक मिनिट हं, विचारतो. मिस व्हर्डेल, ते म्हणतायत, हल्ल्याच्या वेळी चौतीस जण तिथून धावत जाणार, तर झाडाभोवती दोरी बांधावी लागेल. तुडवलं जाऊ नये म्हणून. दहा फुटांचं रिंगण सांगू का?

व्हर्डेल: झाडाभोवती नको.

कोल्बी: मग?

व्हर्डेल: नदीच्या बाजूला बांध. बुंध्यापासून पुढे, दोन फूट. तेवढ्यात कोणाचा पाय पडायला नको.

कोल्बी: दोनच फूट? एवढ्या मोठ्या झाडाला? मुळं तर चहूकडे पसरली असतील…

ओनीटा: दोन फूट पुरे होतात, मिस्टर रेनर.

कोल्बी: पण नदीच्याच बाजूला का? तिथं तर नुसती झाडून ठेवलेली जमीन… तिथं कोणीतरी शिंपले मांडलेत… मिस ओनीटा, तुम्ही रडताय का?

व्हर्डेल: खेकड्याचं तिखट गेलंय तिच्या डोळ्यांत.

कोल्बी: …हॅलो? हो, हो, आहे मी. एक मिनिट. मिस व्हर्डेल, ते कारण विचारतायत. काय सांगू?

व्हर्डेल: कारण नको सांगूस, बाळा. दोन फूट सांग.